कुणाचा रे तू? मालमत्तेपलीकडची ओळख देवापाशी कशी शोधावी

खेड्यातल्या पारावर बसलेला म्हातारा माणूस अनोळखी पोराला ‘तू कोण?’ असे सहसा विचारत नाही. तो विचारतो, ‘कुणाचा रे तू?’ आणि पोराने बापाचे किंवा आजोबांचे नाव सांगितले की तेवढ्यावर त्याला बसायला जागा मिळते, पाणी मिळते, प्रसंगी मूठभर शेंगाही मिळतात. शहरात हा प्रश्न बदलतो. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एखाद्या लग्नात आपल्याला ‘काय करता?’ आणि पाठोपाठ ‘राहायला कुठे?’ असे विचारले जाते, आणि आपल्या दोन उत्तरांवरून समोरचा माणूस आपला हुद्दा, घर आणि गाडी यांचा अंदाज बांधत असतो. पुष्कळ वर्षे मी याच उत्तरांवर जगलो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा जॉबवर्कचा लहानसा कारखाना होता, तीन लेथ होत्या आणि अकरा कामगार होते. ज्याच्यावर आमचे बहुतेक काम चालत होते, त्या मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतले आणि दीड वर्षात मला यंत्रे विकावी लागली. त्यानंतर आठ महिने मी एकाही लग्नाला गेलो नाही. पैशाची ओढाताण होती, पण ती सोसता येत होती; ‘काय करता?’ या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तरच उरलेले नाही, हे मात्र सोसवत नव्हते.

त्या काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत वारकरी मंडळींच्या संगतीत मी जे शिकलो, ते इतरांनाही करून पाहता यावे अशा रीतीने येथे मांडत आहे. वाट वारकऱ्यांची आहे, कारण मला तीच ठाऊक आहे. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत नेमाने जाणारे माझे एक शेजारी आहेत. त्यांच्याशी बोलताना जाणवले की यातील बहुतेक गोष्टी ते आपल्या प्रार्थनेत वेगळ्या शब्दांनी करतात. ज्यांचा देव वेगळा आहे त्यांनी शब्द बदलून घ्यावेत.

आधी एक वही घ्या

पहिले काम देवघरात करायचे नाही, ते वहीत करायचे आहे. आठ दिवस रोज रात्री एवढेच लिहा की आज आपण आपली ओळख कोणाला आणि कशी करून दिली, आणि कोणत्या क्षणी आपल्याला मोठे किंवा लहान झाल्यासारखे वाटले. प्रामाणिकपणे लिहिल्यास तिसऱ्या-चौथ्या दिवशीच नमुना दिसू लागतो. माझ्या वहीत ‘पूर्वी माझा कारखाना होता’ हे वाक्य आठ दिवसांत सहा वेळा आले, आणि त्यांपैकी दोन वेळा ते मी रिक्षावाल्याला सांगितले होते, ज्याने मला काहीही विचारलेले नव्हते.

नवव्या दिवशी एका कोऱ्या पानावर आपली ओळख पूर्ण लिहून काढा, आणि मग तिच्यातून एकेक गोष्ट रेघ मारून वजा करत चला: पगार, पद, घर, गाडी, सोने, शेतीची एकरवारी, शिक्षण, मुलांचे पॅकेज, आणि घराण्याचे व जातीचे मोठेपणही. जी गोष्ट खोडताना हात थांबतो तिच्याशेजारी खूण करा, कारण आपले मोल आपण कशात साठवून ठेवले आहे ते त्या खुणेवरून कळते. येथे घाई करू नये. माझा हात यंत्रांपाशी थांबेल असे मला वाटले होते; प्रत्यक्षात तो ‘अकरा माणसांचे पगार करणारा’ या शब्दांपाशी थांबला. लोकांनी मला शेठ म्हणावे याची मला इतकी गरज होती, हे त्या दिवशी प्रथम कळले.

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे पाहतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, यावरून शहर पुराची उंची ठरवते, आणि सराफ बाजारातले दुकानदार त्यावरूनच माल हलवायचा की नाही ते ठरवतात. पाणी त्याच्यावरून मोजता येते, कारण तो जागचा हलत नाही. आपण मात्र उलटे करतो. दरवर्षी चढणाऱ्या-उतरणाऱ्या गोष्टींवरून, म्हणजे कांद्याच्या भावावरून किंवा पगारवाढीच्या पत्रावरून, स्वतःची उंची मोजतो आणि मग दरवर्षी आपली उंची वेगळी भरते. वहीचे पान खोडून झाल्यावर जे मोकळेपण किंवा जी भीती वाटेल, ती तशीच राहू द्यावी. रिकामे पान लगेच भरायला जाऊ नये.

निवृत्तिनाथांच्या घरची गोष्ट

रिकाम्या पानावर काय लिहायचे, याचे उत्तर नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरला आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात परतले. म्हणून त्यांच्या चार मुलांना समाजाने ‘संन्याशाची पोरे’ ठरवून वाळीत टाकले. ‘कुणाचा रे तू?’ हा प्रश्न जिथे इतर मुलांना पाणी मिळवून देतो, तिथे या मुलांच्या वाट्याला त्याच प्रश्नाने हेटाळणी आली. परंपरा सांगते की ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ समोर आला, धावपळीत थोरला निवृत्ती कुटुंबापासून चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचला, आणि तेथे त्याला अनुग्रह मिळाला. पुढे शुद्धिपत्रासाठी या भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. ज्या मुलाजवळ घर, मान किंवा कागद यांपैकी काहीच नव्हते, त्याला गुहेतून बाहेर येताना आपण कोणाचे आहोत हे ठाऊक झाले होते. धाकट्या ज्ञानदेवांनी थोरल्या भावालाच गुरू केले, आणि १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ते स्वतःची ओळख ‘निवृत्तीचा’ अशी देतात. पारावरच्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे हे नेमके उत्तर आहे.

संतांच्या नाममुद्रा, म्हणजे अभंगात ते स्वतःची ओळख ज्या नावाने देतात ती नावे, या दृष्टीने नीट पाहाव्यात. जनाबाई आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करत राहिली आणि तिने स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हटले. गोरोबांनी कुंभारकी सोडली नाही, सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही, सेना न्हाव्याने धोकटी टाकली नाही. धंदा त्यांच्या नावातच राहिला, पण त्यांची किंमत धंद्याच्या बरकतीवर ठरली नाही. म्हणून दुसरे काम असे: खोडलेल्या पानाखाली आपली नाममुद्रा लिहा. ती आपल्या मनापासूनची असावी. ‘विठ्ठलाचा’, ‘रामाची’, ‘देवाघरचा चाकर’ असे जे म्हणताना जीभ अडखळत नाही ते लिहावे. मला पहिल्या दिवशी काहीच लिहिता आले नाही. तीन आठवड्यांनी ‘तुझा’ एवढा एकच शब्द लिहिला आणि तोच पुरला.

रोजची वीस मिनिटे

लिहिलेला शब्द अंगी मुरायला रोजचा नेम लागतो. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी वीस मिनिटे देवापुढे बसावे. मोबाइलचा उल्लेख मुद्दाम करत आहे, कारण दिवसातली पहिली पाच मिनिटे आपण कोणाच्या नव्या फ्लॅटचे आणि कोणाच्या सहलीचे फोटो पाहण्यात घालवली, तर पुढची वीस मिनिटे देवापुढे बसूनही मन त्या फ्लॅटमध्येच फिरत राहते. थोडा वेळ गप्प बसावे, मग ‘रामकृष्णहरी’ म्हणत नामस्मरण करावे, आणि शेवटी काल कोणत्या गोष्टीमुळे आपण फुगलो आणि कोणत्या गोष्टीमुळे खचलो, ते आपल्या रोजच्या बोलीत देवाला सांगावे. मराठी माणूस देवाला अरे-तुरे करतो आणि विठ्ठलाला माऊली म्हणतो. या जवळिकीचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. आई कमावत्या मुलाला आणि आजारी मुलाला एकाच पंगतीत वाढते, आणि तिचे लक्ष आजारी मुलाच्या ताटाकडे जरा अधिक असते. तिच्यापुढे आपला पगार सांगून काही मिळवायचे नसते.

पहिला महिनाभर काहीही मागू नये, ही अट मी आग्रहाने सांगेन. मागणे पाप आहे असे नव्हे. आजारपणात, संकटात माणूस देवाकडे मागणारच, आणि तसे त्याने मागावे. परंतु आपल्यापैकी अनेकांचे देवाशी असलेले सगळे बोलणेच व्यवहाराचे झालेले असते. बाग चांगली आली तर अमुक करीन, मुलाला नोकरी लागली तर तमुक वाहीन. अशा बोलण्यात देव हा मालमत्ता मिळवण्याचे एक साधन होऊन बसतो, आणि मग त्याच्यात आपली ओळख सापडणे शक्य नसते. महिनाभर मागणे थांबवले की बोलायला दुसरे काही उरतच नाही असे अनेकांना आढळते. मलाही तसेच आढळले. पहिले दोन आठवडे नुसता कंटाळा आला, घड्याळाकडे लक्ष जात राहिले, आणि आपण काही चुकीचे करत आहोत असे वाटले. जाणत्या वारकऱ्याने सांगितले, ‘बसत जा, माऊली. ओळख काय एका दिवसात होते का?’

संध्याकाळी घरी किंवा जवळच्या देवळात हरिपाठाला बसता आले तर उत्तमच. एकट्याचे मन जेथे भरकटते तेथे दहा जणांचा आवाज त्याला धरून ठेवतो.

पौषात त्र्यंबकला पायी जा

या साऱ्या उपायांतला सर्वांत गुणकारी उपाय मला विचाराल तर तो पायी चालण्याचा आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. नाशिककराला पंढरपूरइतके दिवस काढावे लागत नाहीत. सातपूर, महिरावणी, अंजनेरी या रस्त्याने एका दिवसात पोहोचता येते, आणि दुरून आलेल्या दिंड्या त्या दिवसांत याच वाटेवर असतात. आपल्या भागातल्या भजनी मंडळाकडे चौकशी केल्यास कोणती ना कोणती दिंडी सापडते.

जाताना काही पथ्ये पाळावीत. रोजचे साधे कपडे घालावेत, मागून गाडी बोलावून ठेवू नये, आणि दिंडीत कोणालाही आपला व्यवसाय आपणहून सांगू नये. पौषातली नाशिकची थंडी बोचरी असते, म्हणून घोंगडी किंवा शाल जवळ असावी, आणि पायातली पादत्राणे जुनी, सवयीची असावीत. वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकऱ्याच्या पुढे जाऊ नये. भाकरी जी मिळेल ती पंगतीत बसून खावी, आणि एकदा तरी वाढायला उभे राहावे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कारखाना बंद होऊन वर्ष होत आले होते. अंजनेरीच्या अलीकडे मागून एक बाई म्हणाल्या, ‘माऊली, जरा पुढे सरा.’ त्या मला म्हणत आहेत हे कळायला मला वेळ लागला. दिंडीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात, शेतमजूर आणि अधिकारी यांच्यात त्या एका शब्दाने भेद करत नाहीत, आणि भेटल्यावर वयाचाही विचार न करता एकमेकांच्या पायांना हात लावतात. दिवसभरात मला पाच-सहा जणांनी विचारले, पण त्यांपैकी कोणी ‘काय करता?’ असे विचारले नाही. त्यांचा प्रश्न होता, ‘माऊली, दिंडी कोणती?’ कुणाचा रे तू, याचेच ते वारकरी रूप आहे. आठ महिने ज्या प्रश्नाला भिऊन मी घरात बसलो होतो तो प्रश्न त्या रस्त्यावर कोणाच्या मनातच नव्हता. संध्याकाळी समाधिमंदिराजवळच्या रांगेत उभा असताना मी खूप रडलो, आणि शेजारच्या माणसाने कारण न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

पैशाचे काय करायचे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैसा टाकून द्या, संसार सोडा, असे मी सुचवत नाही. दारिद्र्य हे पुण्य नाही, आणि ज्याच्या घरात उद्याच्या दळणाची पंचाईत आहे त्याला धनाच्या मोहावर प्रवचन देणे क्रूरपणाचे आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी होती. दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको आणि मुलगा गेला, आणि त्यानंतर त्यांनी कर्जखतांतला भावाचा वाटा भावाला देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. ही कथा सांगताना एक गोष्ट हमखास सुटते. त्यांनी बुडवली ती लोकांकडून आपल्याला येणे असलेल्या पैशाची खते होती. आपण दुसऱ्याचे देणे लागत असू तर ते फेडणे हाच धर्म आहे, आणि बँकेचा हप्ता भक्तीच्या नावाखाली चुकवता येत नाही.

मग करायचे काय? मोठ्या खरेदीला एका एकादशीचे अंतर ठेवा. वस्तू मनात भरली की लगेच न घेता पुढच्या एकादशीपर्यंत थांबा, आणि त्या दिवशी स्वतःला विचारा की ही वस्तू आपल्याकडे आहे हे कोणालाही कधीच कळणार नसते तरी आपण ती घेतली असती का? उत्तर ‘हो’ आले तर निर्धास्त घ्यावी. मी या प्रश्नामुळे एक गाडी घेतली नाही आणि एक चांगला मिक्सर घेतला.

दान नाव न लावता करा. देवळाच्या फरशीवर, बाकावर, पंख्यावर आपले नाव कोरून घेण्याची आपल्याकडे इतकी सवय झाली आहे की दान देतानाही आपण आपली ओळखच विकत घेत असतो. सरकारी रुग्णालयाच्या आवारात खेड्यांतून आलेले नातेवाईक रात्र काढतात. त्यांना डबा नेऊन द्यावा आणि आपले नाव न सांगता परतावे. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण सांगितले की गुप्तदान उरत नाही, म्हणून माझ्याविषयी येथे काहीही सांगत नाही.

आणि जेव्हा खरोखर फटका बसतो, तेव्हा सर्वांत आधी घरच्यांना खरा आकडा सांगा. दिंडोरी भागातल्या माझ्या एका बागायतदार मित्राची द्राक्षे गारपिटीत गेली, आणि त्याने दोन महिने बायकोपासून कर्ज लपवले. त्याला पैशाहून अधिक भीती तिच्या नजरेतून उतरण्याची होती. आकडा सांगितला त्या रात्री ती एवढेच म्हणाली की मला आधी का नाही सांगितलेस. देवापुढे रोज खरे बोलण्याची सवय झालेल्या माणसाला माणसांपुढे खरे बोलणे थोडे सोपे जाते, हा या नेमाचा मला दिसलेला सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ आहे. मात्र जीव नकोसा वाटू लागला असेल, झोप आणि जेवण सुटले असेल, तर केवळ नामस्मरणावर विसंबू नये. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरही त्याच देवाने दिलेला आहे.

जेथे घसरण होते

ही वाट धरलेल्यांची घसरण बहुधा दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे भक्तीच मालमत्ता बनते. ‘माझी विसावी वारी’, ‘माझ्या आजोबांपासूनची माळ’ असे आपण बोलू लागलो की समजावे, वहीतले खोडलेले पान पुन्हा भरू लागले आहे. म्हणूनच पहिल्या यात्रेच्या भरात तुळशीची माळ घालू नये असे मी सुचवतो. तिची पथ्ये आयुष्यभराची असतात, तेव्हा वर्षभर नेम चालवून पाहावा आणि मग घरच्यांशी बोलून ठरवावे.

दुसरी घसरण याहून गंभीर आहे, आणि नाशिककराने ती विसरता कामा नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला, आणि तरी ते दार उघडले गेले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. आत उभे असलेल्यांनाही आपली ओळख देवापाशी आहे असेच वाटत होते. पण बाहेरच्या माणसाचे मोल नाकारून त्यांनी ती ओळख टिकवली होती. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर का आहे, याचा विचार प्रत्येक वारकऱ्याने दर्शनाला जाताना करावा. म्हणून वहीत आठवड्यातून एकदा हा प्रश्न लिहून ठेवा की या सात दिवसांत माझ्यामुळे कोणाला लहान वाटले का. घरकाम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, आपल्यापेक्षा कमी कमावणारा भाऊ, आणि कमी गुण मिळवलेले आपले स्वतःचे मूल, या क्रमाने आठवून पाहावे. मुलांच्या बाबतीत माझी फार मोठी चूक झाली. निकालाच्या दिवशी मी आधी टक्के विचारत असे आणि मग जवळ घेत असे. आता नातवंडांच्या वेळी क्रम बदलला आहे.

कारखाना पुन्हा सुरू झाला नाही. मी आता इतरांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लेथची दुरुस्ती करतो, आणि महिन्याची मिळकत पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी आहे. वहीतली मूळ पाने मी फाडलेली नाहीत. दर पौषात त्र्यंबकला निघण्याच्या आदल्या रात्री ती काढून ओळखीचे पान पुन्हा लिहितो आणि पुन्हा खोडतो. काही वर्षी हात अजूनही थांबतो. मागच्या लग्नसराईत सिन्नरच्या एका कार्यालयात वरपक्षाकडच्या एका गृहस्थांनी मला ‘काय करता?’ असे विचारले. मी सांगितले, ‘लेथ दुरुस्त करतो.’ मग त्यांना विचारले की त्यांच्या गावावरून निवृत्तिनाथांची पालखी जाते का, आणि पंगत बसेपर्यंत आम्ही त्यांच्या गावच्या दिंडीविषयीच बोलत राहिलो.